इंजिनात नट पडला? आधी सेल्फवरचा हात काढा

सांगलीत माधवनगर रोडला माझं छोटं गॅरेज आहे. इंजिनात नट पडल्याचा आवाज पाठमोरा असलो तरी ओळखतो. आधी टिक्, मग खोल कुठंतरी टुक्, आणि मग पोरगं एकदम गप्प. त्या गप्प बसण्यात एकच विचार चाललेला असतो: एकदा सेल्फ मारून बघू, आवाज नाही आला तर कुणाला कळतंय!

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दहाचा पाना बसतो तो नट जाडीला साधारण ५ मिलिमीटर. पिस्टन वर आला की हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि पिस्टनमध्ये काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. डिझेलमध्ये तर त्याहून कमी. एका फेऱ्यात पिस्टनवर खड्डा पडतो, व्हॉल्व्ह वाकतो. म्हणून पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह काढा. गॅरेजमध्ये "गाडी जरा पुढं घे रे" म्हणणारा कुणीतरी असतोच.

दुसरं म्हणजे, आतच पडला असं धरून चालू नका. ट्रेमधले नट-वायसर मोजा. गिअरबॉक्सच्या खाचेत, इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये बॅटरी मारून बघा. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यानंतर प्लग काढून इंजिनातलं गढूळ पाणी उपसायला आमच्याकडे गाड्यांची रांग लागली होती. त्या घाईत एक वायसर गायब झाला. चारही सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून झाला, दोन तास गेले. वायसर निघाला पोराच्या पँटच्या दुमडीतून. "मालक, हितंच हाय ओ," म्हणताना बिचारं रडकुंडीला आलं होतं.

मोबाईलला जोडायचा हा बारीक कॅमेरा मात्र घेऊनच ठेवा. तो आत घातल्याशिवाय चुंबक घालायचा नाही. आंधळेपणाने ढोसलं की पिस्टनवर आडवा पडलेला नट उघड्या व्हॉल्व्हमधून पलीकडे सरकतो, मग शोधत बसा. लोखंडी वस्तू लांब दांडीच्या चुंबकाला लगेच येते. पितळ, अ‍ॅल्युमिनियम, प्लगच्या चिनी मातीचा तुकडा यांना चुंबक कितीही फिरवा, उपयोग नाही. तिथं काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावा, नाहीतर व्हॅक्यूमच्या तोंडाला बारीक नळी टेपने बांधून ओढा. वस्तू हाताशी आणायला पिस्टन वर घ्यायचा असेल तर प्लग काढून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, हाताने. किंचित जरी अडलं तरी थांबा. पान्याला जोर देऊन "बसतंय बसतंय" करणारे फिटर मी पाहिलेत, त्यांची बिलंही पाहिलीत.

कंप्रेसरची हवा शेवटी, तीही दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील तेव्हाच. नळी प्लगच्या भोकापेक्षा बारीक हवी, म्हणजे बाजूने हवेबरोबर कचरा वर येतो. डोळ्यांना गॉगल लावा, आणि भोकावर वाकून बघू नका.

टॅपेट कव्हर, म्हणजे हेडच्याही वरचं झाकण, उघडं असताना पडलं तर प्रकार वेगळा. ऑईल परत जायच्या भोकांतून, नाहीतर चेनच्या बाजूने वस्तू थेट इंजिनच्या तळाशी ऑईलच्या चेंबरमध्ये जाते. "खाली जाळी आहे, राहू दे पडून" हे मला पटत नाही. वाटेत चेन आणि स्प्रॉकेटमध्ये अडकली तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग हुकतं. ऑईल काढताना चाळणी धरा, तरी नाही आली तर चेंबर उतरवा. हे टाळायला व्हॉल्व्हच्या सीलचं काम काढलं की मी आधी ती भोकं मोठ्या रंगीत फडक्याने बुजवतो. वेस्टचे (पुसायच्या सुती धाग्यांचे) बोळे कोंबायचे नाहीत, एखादा आतच राहतो. आणि सॉकेटमध्ये ग्रीसचा ठिपका लावला की नट सुटून पडत नाही.

एवढं करूनही नाही निघालं तर हेड उतरवायचं. मग नवं गॅस्केट आलं, आणि कंपनीने एकदाच वापरायला सांगितले असतील तर हेडचे बोल्टही नवे. हा खर्च गॅरेजचा, गिऱ्हाइकाच्या बिलात घालायचा नाही. गाडी संध्याकाळी मिळणार नाही हा फोन गॅरेजच्या मालकाने स्वतः करावा. आमच्याकडे तो मीच करतो, म्हणून नट पडला की पोरं लपवत नाहीत, हाक मारतात.