रेलबाइकवर कुत्र्याला नेताय? या चुका टाळा

रेलबाइक म्हणजे रुळांवरून पेडल मारत चालवायची उघडी गाडी. तिला ना दारं, ना बाजूच्या भिंती. जंगलातून जाताना माणसाला या मोकळेपणाचीच मजा वाटते. पण खार दिसली की कुत्र्याच्या उडीला आडवं येणारंही काही नसतं. म्हणून आधी बांधण्याचं बघा.

पट्टा कॉलरला अडकवणं ही सर्वांत घातक चूक. कुत्र्याने बाहेर उडी मारली तर गळफासच बसतो. छातीचा हार्नेस घाला आणि पट्टा पाठीवरच्या कडीत अडकवा. छातीसमोरच्या कडीत अडकवलेला पट्टा पुढच्या पायांत गुंततो. हार्नेसच्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून सैल नको. घाबरलेला कुत्रा मागे सरकत सैल हार्नेसमधून अंग सहज सोडवून घेतो.

पट्ट्याचं दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याच्या पक्क्या नळीला बांधा. मनगटाला गुंडाळू नका, एका हिसक्यात ब्रेकवरचा हात सुटेल. आपोआप लांब होणारा पट्टा इथे नकोच. कुत्र्याला बसता आणि आडवं होता यावं, पण पुढचे पंजे कडेबाहेर जाऊ नयेत, इतकीच लांबी ठेवा. मध्यम आकाराच्या कुत्र्याला साधारण 30 ते 45 सेंमी पुरतात. निघण्याआधी पट्टा चारी दिशांना ताणून बघा. तो चाक, चेन किंवा पेडलपर्यंत पोहोचला, तर आखूड करा आणि उरलेलं टोक वर खोचून टाका.

दुसरी चूक म्हणजे कुत्र्याला थेट चालत्या गाडीत बसवणं. लोखंडी चाकांचा खडखडाट त्याला नवा असतो. आधी उभ्या गाडीत 5-10 मिनिटं बसवून खाऊ द्या. खाली घरची चादर अंथरा, पंजे घसरत नाहीत आणि ओळखीचा वासही मिळतो. खाऊसुद्धा घेत नसेल, तर त्या दिवशी नेऊ नका. एकेरी रुळावर मध्येच गाडी वळवता येत नाही. कुत्रा नेण्याची परवानगी आणि वजनाची मर्यादा बुकिंगच्या वेळीच विचारा. जमल्यास सर्वांत मागची गाडी मागून घ्या: मध्येच थांबावं लागलं, तरी मागून कोणी येऊन धडकणार नाही.

वाटेत लाळ गळू लागली, तो सारखे ओठ चाटू लागला, तर बहुधा मळमळ असते. मोठं जेवण 3-4 तास आधीच उरकलेलं असावं. वेग कमी करा, पाणी थोडं थोडं पाजा.

धाप थांबत नसेल, हिरड्या गडद लाल झाल्या असतील, पाय लटपटत असतील, तर तो उष्माघात समजा. कुत्र्याचं तापमान एरवी 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. 41 च्या पुढे जिवावर बेततं. सावलीत थांबा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात नेऊच नये.

“थोडं पळू दे शेजारून” हा मोह टाळा. खडीने पंजे फाटतात आणि चाक फूटभरावर असतं. थांब्यावर आधी ब्रेक, मग दुसरा पट्टा हार्नेसला लावून हातात, आणि त्यानंतरच गाडीचा पट्टा सोडा. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवण्यासाठीचं विषारी तेल असतं, ते त्याला चाटू देऊ नका. घरी परतल्यावर कानांमागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा.