स्क्रीन काळी होऊन फोटोचा प्रोग्रॅम बंद पडणे (विंडोज १०, जुना पीसी)

नौपाड्यात काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या जुन्या पीसीवर पासपोर्ट फोटो मोठा केला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि प्रोग्रॅम बंद. गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना जीव नकोसा व्हायचा.

रॅम बदलली, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, व्हायरस तपासला. फरक शून्य.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या बिघाडांच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) आधीच उघडायला हवा होता. विंडोज लॉग्ज, सिस्टिम: दर वेळी नोंद ४१०१, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर (विंडोजकडून ग्राफिक कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अडकला. विंडोज ग्राफिक कार्डाची २ सेकंद वाट बघते, मग ड्रायव्हर रीसेट करते.

उपाय म्हणजे तो ड्रायव्हर पूर्ण काढून नीट टाकणे. आधी पीसीच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. नेटची वायर काढा, नाहीतर विंडोज नेटवरून नको तोच ड्रायव्हर आपोआप परत आणते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ ची कळ दाबा. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालते तो मोड) डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, राइट क्लिक, अनइन्स्टॉल. 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर'वर टिक हवीच; त्याशिवाय तोच ड्रायव्हर पुन्हा बसतो, मी इथेच दोनदा अडकलो. रीस्टार्ट, पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर टाका, पुन्हा रीस्टार्ट. मग सिस्टिम प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये 'नो' निवडा, म्हणजे विंडोज आपणहून ड्रायव्हर टाकणार नाही. वायर त्यानंतरच लावा.

तीन आठवडे झाले, ४१०१ एकदाही आलेली नाही.