कॅराव्हॅन ओढताय? आरशांच्या या चुका टाळा

पहिल्यांदा कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडून गाडीत बसलो आणि सवयीने मधल्या आरशात पाहिलं, तर मागे रस्ताच नव्हता. पांढरी भिंत, तिच्यात एक काळी खिडकी आणि खाली गॅसच्या पेटीचं झाकण. पुढचे दोन तास मान आपोआप तिकडे वळायची आणि दर वेळी तेच झाकण दिसायचं.

इथे इंग्लंडमध्ये १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना जड ट्रेलर ओढायचा तर वेगळी परीक्षा द्यावी लागायची. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. साध्या कारच्या लायसन्सवर आता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. सोय झाली खरी, पण परीक्षेच्या निमित्ताने कुणीतरी शेजारी बसून दोन गोष्टी शिकवायचं, तेही संपलं. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांनी अलीकडे कॅराव्हॅन घेतल्या. त्यांचे मला जे फोन येतात, त्यातले निम्मे आरशांबद्दलचे असतात. अडचण वेगवेगळी सांगतात, मूळ मात्र बहुतेक वेळा एकच निघतं: आरसे गाडीच्या हिशेबाने लावलेले असतात, मागच्या डब्याच्या हिशेबाने नाही.

‘आमची एसयूव्ही रुंद आहे, जादा आरसे कशाला?’

हा प्रश्न हमखास येतो. लँड रोव्हर डिस्कव्हरीवाले तर जरा जास्तच तोऱ्यात विचारतात (२००८ पासून ती टाटांचीच, त्यामुळे मीही त्यांचा तोरा चालवून घेतो). पण हिशेब करून बघा. एसयूव्हीचं अंग साधारण दोन मीटर रुंद. कॅराव्हॅन सव्वादोन मीटरच्या पुढे, काही तर जवळजवळ अडीच. म्हणजे डबा दोन्ही बाजूंनी गाडीबाहेर डोकावतोच.

धरा की गाडीच्या आरशाची काच डब्याच्या कडेपेक्षा फक्त १२ सेंटिमीटर आत आहे आणि डब्याचा पुढचा कोपरा आरशापासून साडेचार मीटर मागे. नजर त्या कोपऱ्याला घासून तिरकी बाहेर जाते. ५० मीटर मागे गेल्यावर ती डब्याच्या कडेपासून १२० सेंटिमीटर लांब पडते. तेवढ्या पट्ट्यात मोटरसायकल सहज मावते. तुमच्या लेनची कड धरून मागून येणारा मोटरसायकलवाला तुम्हाला दिसतच नाही आणि लेन बदलताना अचानक काचेशी उगवतो. एम५ मोटरवेवर माझ्या बाबतीत हे घडलंय. त्याने हॉर्न दिला, मी परत आत आलो. बायको उरलेल्या वाटेत एक शब्द बोलली नाही.

कायदाही तेच सांगतो. ट्रेलर गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल तर टोइंग मिरर, म्हणजे गाडीच्या आरशांवर क्लॅम्पने बसवायचे जादा आरसे, लावायलाच हवेत. नसतील तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट. घेताना आरशावर वर्तुळातला ‘ई’ आणि पुढे आकडा छापलाय ना, ते बघा. तो मान्यतेचा शिक्का. आणि डब्याच्या कडेपासून आरसा २५० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर नको. ‘जितका बाहेर तितकं चांगलं’ हा गैरसमज समोरून येणाऱ्या व्हॅनचा आरसा लगेच दूर करतो.

कॅराव्हॅनला पुढे-मागे खिडक्या असतील तर पडदे उघडे ठेवले की मधल्या आरशातून आरपार दिसतं, असं सांगणारेही भेटतात. दिसतं, खोटं नाही. रेल्वेच्या डब्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या दारातून फलाट दिसावा, तितकं दिसतं. त्यावर विसंबू नका.

एकट्याने, घाईत, भलत्या जागी आरसे लावणं

घरासमोरच्या उताराच्या ड्राइव्हवेवर, डबा जोडण्याआधी, दाराबाहेर उभं राहून अंदाजाने आरसा फिरवायचा आणि निघायचं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

सपाट जागा शोधा, गाडी आणि डबा एका रेषेत उभे करा. सामान भरून झालेलं असू द्या, कारण हिचवर (गाडी आणि डबा जोडणाऱ्या सांध्यावर) वजन आलं की एसयूव्हीची शेपटी खाली बसते, नाक वर जातं आणि मगाशी लांबचा रस्ता दाखवणारा आरसा जवळचं डांबर दाखवायला लागतो. मग सीट नेहमीसारखी लावून, पाठ टेकून बसा. पुढे वाकून लावलेला आरसा फक्त वाकलेल्या माणसाला उपयोगी.

आता काचेच्या आतल्या कडेला डब्याची बाजू बोटभर दिसली पाहिजे. त्याहून जास्त दिसत असेल तर पैसे देऊन घेतलेल्या काचेत आपण स्वतःचाच डबा बघतोय. अजिबात दिसत नसेल तर आरशातली गाडी डब्यापासून किती लांब आहे, ते मोजायला खूण उरत नाही. क्षितिज साधारण काचेच्या मधोमध.

मग दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे हे काम मुलाचं. ड्रायव्हरच्या जागेपासून २० मीटर मागे जायचं आणि तिथून डब्याच्या कडेपासून चार मीटर बाजूला चालत जायचं. हे माझ्या मनाचं माप नव्हे, इथल्या नियमातलं आहे. त्या चार मीटरांत तो कुठेही उभा असला तरी आरशात दिसायला हवा. आमचा पोरगा पिवळं जाकीट घालून खेकड्यासारखा आडवा चालतो आणि जिथे दिसेनासा होतो तिथे मी हॉर्न वाजवतो. दोन्ही बाजूंचं मिळून पाच मिनिटांचं काम. वाटेत बायकोने गाडी चालवायला घेतली तर पुन्हा पाच मिनिटं. ती माझ्याहून अर्धा फूट बुटकी आहे, आणि क्लॅम्पवरच्या काचेला सीटसारखं मेमरीचं बटण नसतं.

सपाट काच की फुगीर?

दुकानात दोन्ही मिळतात. सपाट काचेत मागची गाडी जितकी लांब आहे तितकीच दिसते, पण दिसणारा पट्टा अरुंद. फुगीर काच भरपूर दाखवते, पण सगळं लहान करून, म्हणून लांब असल्याचा भास होतो. मी उजवीकडे, म्हणजे इथल्या ड्रायव्हरच्या बाजूला, सपाट लावतो आणि डावीकडे फुगीर. मात्र ती चार मीटरची चाचणी सपाट काचेनेही पार करायला हवी. होत नसेल तर दोन्हीकडे फुगीर घ्या. दोन्हीकडे फुगीर लावून समाधानी असलेले लोक मला माहीत आहेत. फक्त भासाचं भान ठेवा.

काच थरथरते, आरसा घसरतो

पन्नास मैलांच्या वर गेल्यावर आरशातल्या लॉरीच्या चार लॉऱ्या होतात? बहुतेक वेळा क्लॅम्प ढिला असतो किंवा दांडा गरजेपेक्षा लांब काढलेला असतो. दांडा लागेल तेवढाच बाहेर ठेवा. क्लॅम्पखाली रबराचा पातळ तुकडा घाला, नाहीतर धुळीचे कण घासून गाडीच्या आरशाचं कव्हर खरवडलं जातं. जीव खाऊन आवळू नका. प्लास्टिकला तडा जातो आणि ते कव्हर स्वस्त नसतं. निघाल्यावर पहिल्या आठ-दहा मैलांत एकदा थांबून हात लावून बघा. हे सगळं करूनही थरथर राहिली तर तो आरसा तुमच्या गाडीच्या आरशाच्या आकाराला बसत नाही, दुसरा घ्या.

गाडीच्या आरशाची काच आतून गरम होते, वर लावलेल्या आरशाची नाही. इथल्या सकाळी दव असतंच. दाराच्या कप्प्यात एक सुती फडकं.

गाडी हुशार आहे, म्हणून होणाऱ्या चुका

गाडी लॉक केली की आरसे आपोआप मिटणं ही एरवी चैन. टोइंग मिरर लावलेले असताना ती मोटर क्लॅम्प-पट्ट्यासकट सगळं ओढायला जाते. सर्व्हिस स्टेशनवर चहा घेऊन परत येईपर्यंत आरसा वाकडा झालेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करून ठेवा.

लेनमधल्या आंधळ्या जागेत गाडी आली की आरशात पेटणारा दिवा, त्याचीही गंमत आहे. ट्रेलरची वायर जोडली की बऱ्याच गाड्यांत ही सोय बंद होते, कारण सेन्सरला डबाच दिसत राहतो. आणि दिव्याची सवय झालेला माणूस दिवा पेटला नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं धरून चालतो. कधी कधी तर क्लॅम्पचा पाय नेमका त्या दिव्यावरच बसवलेला असतो.

उलट रिव्हर्स घेताना सेन्सर सतत कोकलत असेल, तर मागे डबा आहे हे गाडीला कळलेलंच नाही. टोबारची (गाडीमागच्या ओढायच्या दांड्याची) वायरिंग त्या गाडीसाठीची खास नसली की असं होतं. अशा वेळी सेन्सर हाताने बंद करा.

मागचा कॅमेरा टोबॉल (टोबारवरचा गोळा) आणि हिच जुळवायला उत्तम. पूर्वी जी आरडाओरड व्हायची ती त्याने वाचवली. डब्याच्या पाठीला वेगळा वायरलेस कॅमेरा लावलात तर अगदी मागे चिकटून येणारा दिसतो. पण तो आरशांच्या जोडीला, बदली म्हणून नाही.

चालत्या रस्त्यावर

कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मागचं काय दिसतं, देव जाणे. पण तो रमतगमत चालतो आणि मागचे सगळे त्याला सांभाळून घेतात. मोटरवेवर डब्यासकट आपली मर्यादा ताशी ६० मैल, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जायची मुभाच नाही. तिथे सांभाळून घ्यायचं काम आपलं.

आरशांचा खरा उपयोग कळतो तो कोच, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी बस, आपल्याला ओलांडून जाताना. उंच, चपटं तोंड असलेली कोच मागून आली की तिच्यापुढे ढकललेली हवा आधी डब्याची शेपटी डावीकडे लोटते आणि बाजूने जाता जाता डबा तिच्याकडे ओढला जातो. आरशात ती आधीच दिसली असेल तर अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडून, आपल्याच लेनमध्ये जरा डावीकडे सरकून राहता येतं, आणि धक्का नुसता जाणवून जातो. ती खिडकीशी आल्यावरच कळली तर माणूस दचकून स्टिअरिंग हलवतो, आणि डबा नागमोडी डोलायला लागतो तो बऱ्याचदा तिथूनच. डोललाच तर स्टिअरिंग सरळ धरा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, ब्रेक करकचून दाबू नका.

आपण लॉरीला ओलांडतो तेव्हा उलटा प्रकार. लॉरीचा वेग लिमिटरने ५६ मैलांवर बांधलेला, आपण ६० वर. फरक चार मैलांचा. तिची लांबी साडेसोळा मीटर, आपली बारा, पुढे-मागे वीस-वीस मीटर मोकळे धरले तर ओलांडायला जवळजवळ ४० सेकंद लागतात. तेवढ्यात एक किलोमीटर संपतो. म्हणून बाहेर पडण्याआधी उजव्या आरशात एकदा नव्हे, दोनदा बघायचं, मध्ये चार-पाच सेकंद जाऊ देऊन. पहिल्या नजरेत ठिपका असलेली गाडी दुसऱ्या नजरेत किती मोठी झाली, त्यावर ठरवायचं. परत डावीकडे येताना फुगीर काचेचा भास नडतो. लॉरी बरीच मागे पडली असं वाटतं आणि आपल्या डब्याची शेपटी तिच्या नाकासमोर असते. मी डाव्या आरशात तिचे दोन्ही हेडलाइट आणि त्यांच्यापुढचा रस्त्याचा चांगला तुकडा दिसेपर्यंत थांबतो. बरेच लॉरीवाले दिवे लुकलुकवून ‘या आत’ म्हणतात. खूण चांगली, पण आरसा बघूनच या.

रिव्हर्स

मागे घेताना ज्या आरशात डबा जास्त दिसायला लागेल, त्या बाजूला स्टिअरिंग वळवा. डबा सरळ होतो. थोडंच वळवा, हळू, आणि दोन्ही आरशांत आळीपाळीने बघत. एका आरशात पूर्ण डबा आणि दुसऱ्यात नुसतं शेत दिसत असेल तर थांबा, पुढे घ्या, पुन्हा सुरू करा. त्यात कमीपणा नाही. शक्य असेल तर उजवीकडे वळवून मागे घ्या, म्हणजे डबा तुमच्या खिडकीच्या बाजूला राहतो.

मागे उभ्या माणसाला एकच सांगा: तुला आरशात मी दिसलो पाहिजे. गावाकडे एसटीच्या पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हटलं की काम होतं. इथे बारा मीटरवरचा आवाज बंद काचेत पोचत नाही आणि डब्याच्या पाठीवर मारलेली थाप फ्रिजच ऐकतो.

आमच्या डब्याच्या डाव्या कोपऱ्यावर एक निळसर ओरखडा आहे, त्याची गोष्ट गाडीच्या हुशारीतच मोडते. रिव्हर्स गिअर टाकला की डावा आरसा आपोआप खाली झुकतो, फुटपाथची कड दिसावी म्हणून. कॅम्पसाइटवर शेवटचे दोन मीटर मागे घेत होतो; आरशात माझंच मागचं चाक आणि छान हिरवं गवत. डबा गेला तो पाण्याच्या नळाच्या खांबावर. ही सोय मेनूत बंद करता येते, हे मला नंतर शेजारच्या आजोबांनी सांगितलं.

डबा सोडला, आरसे तसेच

त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी डबा साइटवर ठेवून आम्ही नुसती गाडी घेऊन डेव्हनच्या गावात गेलो, टोइंग मिरर तसेच लावून. तिथले रस्ते म्हणजे दोन उंच कुंपणांमधली पायवाट. समोरून ट्रॅक्टर आला, मी डावीकडे दाबली आणि कुंपणाने आरसा अलगद काढून घेतला. पट्टा दाराला लोंबत राहिला. वीस मिनिटं काटेरी झुडपात हात घालून शोधला. काच शाबूत, क्लॅम्प तुटलेला. आता साइटवर पोचलं की क्रम ठरलेला आहे: आधी डब्याचा हँडब्रेक, लगेच आरसे, मग वायर, मग हिच.