मराठी कविता उद्धृत करताना ओळ, दंड आणि ऱ्हस्व-दीर्घ कसे सांभाळावेत

इंग्रजी कवितेत प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर मोठे लिहिण्याची जुनी प्रथा आहे, त्यामुळे ओळी एकापुढे एक छापल्या तरी नवी ओळ कुठे सुरू झाली ते डोळ्याला कळते. देवनागरीत मोठी आणि छोटी अक्षरे असा भेदच नाही. आपल्याकडे हे काम दंड (।), तिरकी रेघ (/) आणि कागदावरची मोकळी जागा करतात, म्हणून मराठी कविता उतरवून घेताना या तिन्हींकडे शब्दांइतकेच लक्ष द्यावे लागते.

सर्वांत आधी कवितेची विश्वासार्ह छापील प्रत समोर ठेवावी. पाठ असलेली कविता बहुधा गाण्यातून कानावर आलेली असते, आणि गाताना शब्द लांबतात, ओळी पुन्हा येतात, एखादे कडवे गळते. पाठांतरावर भिस्त ठेवून लिहिलेले उद्धरण नंतर छापील प्रतीशी ताडून पाहिले की काही ना काही निसटलेले सापडतेच, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

त्यानंतर कविता कोणत्या परंपरेतली आहे ते पाहावे. जुन्या पोथ्यांत मजकूर पानभर सलग लिहिलेला असे आणि चरण, म्हणजे कडव्याचा एक भाग, कुठे संपला हे मुख्यतः दंडावरून कळे. तुकारामांचा हा अभंग पाहा:

सुंदर तें ध्यान उभें विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनियां ॥ १ ॥

हा ‘मोठा अभंग’ या छंदातला आहे. ‘सुंदर तें ध्यान’, ‘उभें विटेवरी’ आणि ‘कर कटावरी’ हे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, तर ‘ठेवोनियां’ हा चौथा चार अक्षरांचा. यमक ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ यांत आहे आणि एकेरी दंड नेमका त्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो गाळला किंवा त्याच्या जागी स्वल्पविराम घातला, तर वाचणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळत नाही. टंकलेखन करताना दंडाऐवजी इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ वापरू नये. युनिकोडमध्ये एकेरी दंडाला ०९६४ आणि दुहेरी दंडाला ०९६५ असे स्वतंत्र संकेतांक आहेत, त्यामुळे दोन एकेरी दंड जोडून दुहेरी दंड करण्याचीही गरज नाही.

तुकारामांच्या गाथेत, म्हणजे अभंगांच्या संग्रहात, पहिल्या कडव्याला १ हा आकडा असतो, दुसऱ्यापुढे बहुधा ‘ध्रु.’ असते आणि तिसऱ्यापुढे २ येतो. आकडा चुकला असे समजून पुष्कळ जण तो ‘दुरुस्त’ करतात. तसे करू नये. हा ‘ध्रु.’ ध्रुवपदाचा, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायच्या पालुपदाचा आहे, म्हणून सर्रास दिसणारे ‘धृ’ हे रूप चुकीचे ठरते.

सर्वांत अधिक हानी शुद्धलेखनाच्या उत्साहात होते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांप्रमाणे केशवसुतांच्या आधीचे पद्य मुळाबरहुकूम छापायचे असते. म्हणून वरच्या अभंगातील ‘तें’, ‘उभें’, ‘ठेवोनियां’ यांवरचे अनुस्वार काढायचे नाहीत. केशवसुत आणि त्यांच्यानंतरचे कवी यांचे लेखन मात्र आजच्या नियमांनुसार छापता येते, पण वृत्तासाठी घेतलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सवलतीला तिथेही हात लावायचा नाही. केशवसुतांच्या ‘तुतारी’ या १८९३ मधल्या कवितेचा आरंभ असा आहे:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने

ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन अशा मात्रा मोजून पाहाव्यात; ‘फुं’सारखे अनुस्वाराचे आणि ‘स्वप्राणाने’तल्या ‘स्व’सारखे जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षरही दोन मात्रांचे धरावे. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची भरते. ‘फुंकिन’चे ‘फुंकीन’ केले की सतरा होतात, ‘आणुनि’चे ‘आणून’ केले तरी सतराच. एका स्मरणिकेची मुद्रिते तपासताना नेमके हेच दोन शब्द कुणीतरी लाल शाईने सुधारलेले मला दिसले, आणि हेतू चांगला असूनही त्या दोन खुणांनी ओळींची चाल मोडली होती. संगणकातील शुद्धलेखन तपासनीसही असेच करतो. म्हणून कवितेपुरता तो बंद ठेवावा.

आता मांडणीकडे वळू. एक-दोन ओळी असतील तर त्या अवतरणचिन्हांत घालून वाक्यातच द्याव्यात आणि ओळ जिथे तुटते तिथे दोन्ही बाजूंना जागा सोडून तिरकी रेघ घालावी: ‘एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणाने’. जिथे मुळात दंड आहे तिथे तिरकी रेघ नको. तीन किंवा अधिक ओळी स्वतंत्र परिच्छेदात, समासापासून थोड्या आत, अवतरणचिन्हांशिवाय द्याव्यात. मधली ओळ गाळली असेल तर तिच्या जागी टिंबांची पूर्ण ओळ घालावी. लांब ओळ पानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर मावली नाही, तर उरलेला भाग खाली आणखी आत सरकवून लिहावा, नाहीतर वाचक तिला वेगळी ओळ समजतो. मुक्तछंदात तर हे फारच जपावे लागते, कारण तिथे वृत्त किंवा यमक आधाराला नसते आणि ओळ कुठे तोडली एवढीच खूण वाचकाच्या हाती असते.

इंग्रजी कविता मूळ लिपीत द्यायची असेल तर तिची मोठी-छोटी अक्षरे छापील प्रतीत आहेत तशीच ठेवावीत. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन ओळीच्या मध्येही अनेक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करत असे. १८९० च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी ते बदलले, आणि तिची मूळ लेखनपद्धती पुष्कळ अंशी परत मिळायला १९५५ ची आवृत्ती यावी लागली.

शेवटी उतरवलेला मजकूर मोठ्याने वाचावा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला छापील प्रतीवर बोट ठेवून ओळीमागून ओळ ताडायला सांगावे.