डिझेल किलोत की लिटरमध्ये? इंजिनाच्या खपाचा हिशोब करताना या चुका टाळा

पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठून ऑगस्ट लागला की गोव्यात मालीमच्या जेटीवर कुणालाच दम नसतो, सगळ्यांना इंजिन आजच पाहिजे. अशाच एका ट्रॉलरचं १२० हॉर्सपॉवरचं इंजिन आम्ही उघडून परत बांधलं आणि ट्रायलला आग्वादच्या बाहेर नेलं, दोन तास फुल थ्रॉटल. डिझेलची टाकी वरून मीटर बाय मीटर, म्हणजे लेव्हल एक सेंटिमीटर उतरली की १० लिटर गेलं, साधा हिशोब. परत येऊन तांडेलाने (ट्रॉलर चालवणाऱ्याने) खुणा पाडलेली काठी टाकीत घातली तर साडेचार सेंटिमीटरच्या थोडं वरच उतरलेलं, आणि माझ्या वहीत लिहिलेलं ३८ लिटर. मग वरचं सात-आठ लिटर गेलं कुठं? अर्धा दिवस आम्ही रिटर्न लाईन, इंजेक्टरचे पाईप, इंजिनखालचं पाणी सगळं फडक्याने पुसून पुसून बघितलं, कुठं एक थेंब नाही. शेवटी तांडेल म्हणाला, "मेस्त्री, काठी खोटं नाय बोलत, तुमची वही परत बघा."

वहीतच होतं. इंजिनाच्या पुस्तकात खप दिलेला २१५ ग्रॅम पर किलोवॅट-अवर, म्हणजे एक किलोवॅट ताकद तासभर द्यायला २१५ ग्रॅम डिझेल. १२० हॉर्सपॉवर म्हणजे ८९.५ किलोवॅट, गुणिले २१५, आले तासाला १९.२ किलो, आणि हा आकडा मी लिटर समजून लिहिला. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर भरतं साधारण ०.८३ किलो, म्हणून १९.२ ला ०.८३ ने भागायचं, तासाला २३.२ लिटर, दोन तासांचे ४६. काठी बरोब्बर होती.

ही चूक सगळ्यात जास्त होते कारण कंपनी वजनात सांगते आणि पंपावर आपण लिटरने घेतो. पण याहून वाईट प्रकार मी नंतर बघितला, काहीजण हॉर्सपॉवरचे किलोवॅट करायलाच विसरतात आणि वर किलोला लिटर धरतात. १२० गुणिले २१५, तासाला २५.८, खरे २३.२. एक चूक आकडा वाढवते, दुसरी कमी करते, दोघी मिळून उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ येतं की कुणाला संशयच येत नाही, म्हणून पुढच्या इंजिनालाही तसाच हिशोब लावतात. जपानी इंजिनांच्या कागदावर बरेचदा ग्रॅम पर पीएस-अवर असतं. तिथे १५८ लिहिलेलं बघून हे इंजिन कमी पितं असं मालकाला वाटतं, पण १५८ आणि २१५ एकच, युनिट फक्त वेगळं (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, १ पीएस म्हणजे ०.७३५५ किलोवॅट).

आकडा खरा की खोटा ते तपासायचा माझा एक उपाय आहे, तो प्रत्येक हिशोबाला लावा. किलोभर डिझेलमध्ये साधारण ४२.७ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक किलोवॅट-अवर म्हणजे ३.६ मेगाज्यूल. २१५ ग्रॅममधून आली ९.१८, त्यातली ३.६ शाफ्टवर, म्हणजे ३९ टक्के. अशा डिझेल इंजिनाला हे पटतं. तुमचं उत्तर ६० टक्के आलं तर इंजिन भारी नाही, युनिट कुठंतरी घसरलंय. आणि हो, काही तक्त्यांत डिझेलला ४५.५ दिलेलं असतं, तो ढोबळ उष्मांक, त्यात धुरातल्या वाफेची उष्णता पण धरलेली असते, ती इंजिनाला मिळत नाही. तो घेतला तर तेच इंजिन ३७ टक्क्यांवर येतं. दोन इंजिनांची तुलना करताना दोघांना एकच आकडा लावा.

आता रस्त्यावरचं. चोर्ल्याच्या घाटात चढताना गाडीने १० चं अ‍ॅव्हरेज दिलं, उतरताना २०, तर सगळे म्हणतात १५. नाही हो. ३० किलोमीटर वर जायला ३ लिटर, तेवढंच खाली यायला दीड, ६० भागिले साडेचार, १३.३. लिटरची बेरीज करा, अ‍ॅव्हरेजची नको.

स्विंडनला असलेला भाचा सांगतो गाडी ५० माईल्स पर गॅलन देते, तर तो ब्रिटिश गॅलन, ४.५४६ लिटरचा, म्हणजे लिटरला १७.७ किलोमीटर. अमेरिकन ३.७८५ धरलात तर २१ च्या वर जाईल आणि उगाच आपल्या गाडीला शिव्या पडतील.

ई-ट्वेंटी पेट्रोलबद्दल पण लोक घाबरून बोलतात, २० टक्के इथेनॉल म्हणजे २० टक्के अ‍ॅव्हरेज गेलं. इथेनॉलच्या लिटरमध्ये साधारण २१ मेगाज्यूल, पेट्रोलच्या लिटरमध्ये ३२. मिसळून होतात २९.८, म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा ७ टक्के कमी, आणि आधीच्या ई-टेनशी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तुमच्या स्कूटरचं त्याहून बरंच जास्त पडलं असेल तर टायरची हवा, एअर फिल्टर आणि प्लग आधी बघा.

सीएनजीवाल्या टॅक्सीचं अ‍ॅव्हरेज किलोवर असतं, पेट्रोलवाल्याचं लिटरवर, आणि स्टँडवर दोघं सरळ तेच आकडे घेऊन भांडतात. किलोभर सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, म्हणून किलोला २६ म्हणजे पेट्रोलच्या भाषेत १७ च्या आसपास. खिशाचा हिशोब मात्र ऊर्जेवर करू नका, किलोमीटरला किती रुपये पडले तेच लिहा.