एप्रिलचे शेवटचे दिवस वर्गात कसे घालवावेत

शेवटचा पेपर झाला की वर्ग निम्मा होतो. कुणी मामाच्या गावाला गेलेलं असतं, कुणी लग्नाला. उरलेली मुलं विचारतात, "बाई, आज काय करायचं?" आणि बाईंच्या टेबलावर निकालपत्रकांचा ढीग. मग चित्र काढा, खेळा, गप्प बसा, असं करत दिवस जातात. प्राथमिक वर्गाला शिकवणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं की हे दिवस असे जाऊ देऊ नका. वर्षभरात आपल्याला काय काय यायला लागलं, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळतं ते याच दिवसांत.

आधी वेळेचा हिशोब करा. निकाल 1 मे रोजी लागतो. 2025 साली राज्यभरातल्या परीक्षा 8 ते 25 एप्रिलदरम्यान ठेवल्या होत्या, म्हणजे परीक्षेनंतर हातात जेमतेम तीन-चार दिवस. त्यामुळे परीक्षा संपायची वाट पाहू नका. सकाळची शाळा सुरू झाली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासूनच रोज अर्धा तास यासाठी राखून ठेवा. पेपरच्या दिवशीही लेखन संपल्यावर वेळ उरतो.

सुरुवात जूनच्या वहीपासून करा. जून-जुलैत घातलेलं एखादं श्रुतलेखन शोधा. वही हरवली असेल तर वर्षातलं जे सर्वांत जुनं पान सापडेल ते घ्या. तीच पाच वाक्यं, आधी न सांगता, कोऱ्या कागदावर पुन्हा घाला. मग दोन्ही कागद मुलाच्या हातात द्या आणि आपलं लाल पेन बाजूला ठेवा. फरक त्यानं शोधायचा, गोल त्यानं करायचे. तिसरीतलं मूल "मी आधी सगळ्या वेलांट्या ऱ्हस्वच देत होतो" असं स्वतःहून म्हणतं, तेव्हा ते जे शिकतं ते शेऱ्यातून शिकत नाही. कागदाखाली दोन वाक्यं लिहायला सांगा: आता मला काय जमतं, अजून काय अवघड जातं.

इथे एक काळजी घ्या. वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात की त्यांच्या दोन कागदांत फारसा फरक दिसत नाही. कोण ते आपल्याला आधीच माहीत असतं. त्यांच्यासाठी दुसरं काही शोधून ठेवा: जूनमध्ये अक्षर अक्षर लावत वाचणारी मुलगी आता सलग वाक्य वाचते का, हातच्याची वजाबाकी जमते का. तेही नसेल, तर जूनमध्ये तोंड न उघडणारा मुलगा आता परिपाठात बातमी सांगतो का. तुलना त्याची त्याच्याशीच करायची. शेजारच्या बाकाशी कधीच नाही. हे कागद पाकिटात घालून पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे द्या. प्रगतिपत्रकातल्या श्रेणीपेक्षा मुलाच्या हातची ती दोन वाक्यं त्यांना जास्त उपयोगी पडतील.

गणितासाठी सरबत करा. मुलांनी आधी दुकानात जाऊन भाव विचारून यायचे, कारण एप्रिलमध्ये लिंबू महाग असतं आणि ते त्यांना स्वतःला कळायला हवं. दहा लिटर सरबत केलं तर 200 मिलिलिटरचे किती ग्लास होतील? 50. अर्धं लिंबू एका ग्लासाला धरलं तर 25 लिंबं, आणि साखर साधारण दीड किलो. लिंबू 5 रुपयांना आणि साखर 46 रुपये किलो धरली तर 125 आणि 69 रुपये. मीठ-वेलदोड्याचे 6 घातले की 200 रुपये, म्हणजे ग्लास 4 रुपयांना पडला. आता लिंबू 8 रुपयांना झालं तर? चौथीची मुलं हे फळ्याशी भांडत सोडवतात. हिशोब पूर्ण झाल्याशिवाय लिंबू कापायचं नाही, एवढा नियम पाळा. पाणी उकळून माठात गार केलेलं घ्या, बाहेरचा बर्फ नको.

माझा सर्वांत आवडता उपक्रम मात्र सावलीचा आहे, कारण तो सुट्टीतही चालू राहतो. एक मीटरची सरळ काठी सपाट जागी उभी रोवा आणि दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजा. ही वेळ घड्याळात बाराला येत नाही. पुण्यात ती साडेबाराच्या सुमारास येते, नागपुरात त्याच्या बरीच आधी. तोवर सकाळची शाळा सुटलेली असते, म्हणून एकदा शाळेत काठी रोवून दाखवा आणि पुढचं मोजमाप घरी सोपवा. साडेबाराच्या उन्हात फार वेळ उभं राहायचं नाही, डोक्यावर टोपी हवी आणि सूर्याकडे बघायचं नाही, हे बजावून सांगा.

पुण्याजवळ ही सावली 15 एप्रिलला साधारण 15 सेंटिमीटर भरते, 30 एप्रिलला 7. मुलांनी तारीख आणि लांबी असा तक्ता करायचा. सावली आक्रसत जाते आणि मेमध्ये एका दुपारी जवळजवळ नाहीशी होते: कोल्हापुरात 6 मेच्या सुमारास, पुण्यात 14, मुंबईत 16, नागपुरात 26 मेच्या आसपास. सूर्य रोज थोडाथोडा उत्तरेकडे सरकत असतो. आपल्या गावाच्या अक्षांशावर आला की भर दुपारी तो बरोबर डोक्यावर असतो. सुट्टीत नागपूरच्या आत्याकडे गेलेली मुलगी आणि कोल्हापुरात राहिलेला तिचा मित्र यांचे तक्ते जुळणार नाहीत, आणि नेमकं तेच हवं आहे.

बाकीची कामं पटकन होतात. फाटकी पुस्तकं मैद्याच्या खळीनं चिकटवून पुस्तकपेढीत द्या. जुलैत लावलेल्या झाडांच्या बुडाशी मडकं पुरून त्याच्या छिद्रातून सुताची वात ओढून ठेवा, आणि सुट्टीत ते कुणी कधी भरायचं याची यादी शाळेजवळच राहणाऱ्या मुलांकडे द्या.

1 मेला झेंडावंदनानंतर प्रगतिपत्रक देताना पालकांना आधी श्रेणी दाखवू नका. जूनचा आणि एप्रिलचा कागद शेजारी ठेवा आणि मुलालाच म्हणा, "आईला दाखव बरं काय बदललं." मग तक्त्याची कोरी पट्टी हातात द्या आणि एक प्रश्न सांगून ठेवा: शाळा उघडल्यावर, ढग नसतील त्या दुपारी, काठीची सावली कोणत्या बाजूला पडेल? पुण्याकडे जूनच्या मध्यावर ती आठ-साडेआठ सेंटिमीटरची असते, पण दक्षिणेला. हे उत्तर मात्र आपण सांगायचं नाही.