पदवी बी.ए.ची, ओढ फॅशनची: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी

फॅशन क्षेत्रात जाऊ इच्छिणारे आपल्याकडचे विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा क्लासचा विचारतात: पुण्याला कोणता लावावा आणि फी किती पडेल. माझे उत्तर असे की, त्याआधी घरातल्या किंवा शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनवर बसावे. फॅशन डिझायनर व्हर्जिल ॲब्लो हा घानाहून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांचा मुलगा. त्याने पदवी घेतली ती स्थापत्य अभियांत्रिकीची, पुढे शिकला वास्तुकला, शिवण शिकला ती शिवणकाम करणाऱ्या आईकडून, आणि २०१८ मध्ये लुई व्हिताँ या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांचा कलादिग्दर्शक झालेला तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली कृष्णवर्णीय पोशाखकार ॲन लो आई आणि आजीच्या हाताखाली तयार झाली. १९१७ साली न्यूयॉर्कच्या शिवणविद्यालयात तिला प्रवेश मिळाला खरा, पण तिला वेगळ्या खोलीत बसवून शिकवले गेले. वेगळे बसवणे म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पहिले काम असे करावे. नीट बसणारा एखादा जुना कटोरी ब्लाऊज घेऊन ब्लेडने त्याची शिवण उसवावी, तुकड्यांना इस्त्री करावी आणि ते वर्तमानपत्रावर ठेवून त्यांचे खाके काढावेत. प्रत्येक तुकड्यावर उभा धागा कोणत्या दिशेने आहे ते बाणाने दाखवावे, कोणता भाग उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापला आहे ते लिहावे, आणि पुढच्या मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या खाचेची, गोलाई मागच्यापेक्षा खोल का आहे हे स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून, हात पुढे-मागे करून समजून घ्यावे. मग त्याच खाक्यावरून मांजरपाटाचा ब्लाऊज शिवावा. तो पहिल्या खेपेला बसणार नाही. जेथे झोळ किंवा सुरकुती येईल तेथे टाचण्या लावाव्यात, खाका दुरुस्त करावा, पुन्हा शिवावा, आणि फसलेल्या ब्लाऊजचेही फोटो तारखेसह जपून ठेवावेत. इंटरनेटवरच्या लांब मानेच्या आकृत्या पाहून गिरवलेल्या पन्नास चित्रांपेक्षा असा एक फसलेला आणि सुधारलेला ब्लाऊज तुमच्याविषयी अधिक सांगतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम कापड ओळखण्याचे आहे, आणि त्यासाठी आपल्यासारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. पैठणला जाऊन हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून पाहावा: रंगीत बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवून विणल्यामुळे मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, तर यंत्रमागावरच्या नकलेच्या पाठीमागे बहुधा सुटे धागे लोंबतात. पण येथे घाईने निष्कर्ष काढू नये, कारण छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू या कापडाच्या पाठीवर असे धागे असतातच. त्याची नक्षी जादा बाण्याने उठवलेली असते. हा फरक बोटांनी कळला पाहिजे. विणकराला विचारून कापडाचे बोटभर नमुने मागावेत, वहीत चिकटवावेत आणि प्रत्येकाशेजारी ताणा (उभा धागा) कशाचा, बाणा कशाचा आणि भाव काय, एवढे लिहावे.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात तिचे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. बारावीनंतर बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, जाता येते. ज्यांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. होत आली आहे त्यांनी मात्र वर्षे वाया गेली असे समजू नये, कारण एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) आणि फॅशन व्यवस्थापन हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले आहेत. तेथे लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते, आणि उसवलेल्या ब्लाऊजची व नमुन्यांची वही तेथे उपयोगी पडते. घरची परिस्थिती लगेच कमावण्याची असेल तर आय.टी.आय.चा शिवणकामाचा किंवा फॅशन डिझाइनचा एक वर्षाचा ट्रेड करावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

कागदपत्रे मात्र परीक्षेच्या कितीतरी आधी जमवावीत. केंद्रीय संस्थेत जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो, आणि इतर मागासवर्गीयांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधीच पाहून घ्यावे. तहसीलच्या खिडकीवर हा फरक आपणहून कोणी सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या हाती राज्याच्या नमुन्यातला दाखला पडला आणि नवा मिळेपर्यंत मुदत संपली.

शिकत असतानाच कामे घ्यावीत, पण हिशेबाने. ॲन लोने १९५३ मध्ये जॅकलिन केनेडीचा, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या वधूचा, लग्नाचा पोशाख आणि करवल्यांचे पोशाख शिवले. लग्नाला दहा दिवस उरले असताना कार्यशाळेत पाण्याची नळी फुटली, तयार पंधरांपैकी दहा पोशाख गेले, तिने ते पुन्हा शिवून वेळेवर पोहोचवले, सुमारे २,२०० डॉलरचा तोटा सोसला, आणि बहुतेक वर्तमानपत्रांनी तिचे नावसुद्धा छापले नाही. तेव्हा नात्यातल्या लग्नाचे काम असले तरी कापड, अस्तर, दोरा, फॉल-पिको आणि स्वतःचे तास कागदावर मांडावेत, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि मागच्या गळ्याच्या आत आपल्या नावाची पट्टी शिवावी. तांड्यावरच्या बायकांकडून आरसे-कवड्यांचे भरतकाम करून घेतले, तर त्यांची मजुरी आपल्या नफ्याच्या आधी चुकती करावी, आणि वहीतल्या त्या फोटोखाली, त्यांना विचारून, त्यांची नावे लिहावीत.